आर्क-फॉल्ट ब्रेकर सारखा पडतोय? काढून फेकण्याआधी हे तपासा

रात्री साडेदहाला फोन. "बेडरूमचा ब्रेकर परत पडला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. उद्या येऊन साधा एमसीबी बसवून द्या, हे नवं खूळ नको आम्हाला."

अशा फोनवर मी पूर्वी वाद घालायचो. आता घालत नाही, कारण समोरच्याचं अर्धं म्हणणं बरोबर असतं. आर्क-फॉल्ट ब्रेकर ही खरोखर त्रास देणारी वस्तू आहे. काही कारण नसताना पडतो, पडल्यावर का पडला ते धड सांगत नाही, आणि लोकांना ज्या बिघाडाची सगळ्यात जास्त धास्ती असते तो, म्हणजे तापलेला जोड, त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. उरलेलं अर्धं म्हणणं, 'काढून टाका', त्यावर मात्र मी अडून बसतो. निदान तो का पडतोय हे कळेपर्यंत तरी.

या ब्रेकरला एएफसीआय म्हणा, एएफडीडी म्हणा, काम एकच. वायरिंगमध्ये नको तिथे ठिणगी, म्हणजेच आर्क, पडत राहिली तर आग लागण्याआधी सप्लाय तोडायचा.

त्याला नेमकं काय ऐकू येतं

साधा एमसीबी दोनच गोष्टी ओळखतो, ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढा हिशोब ठेवतो. आर्क-फॉल्ट ब्रेकर करंटची चाल बघतो. तुटत आलेल्या तारेत किंवा हलणाऱ्या जोडात ठिणगी पडू लागली की करंटच्या लहरीवर खरखर चढते, रेडिओवर चढते तशी. शिवाय एसी करंट दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो. तिथे ठिणगी विझते आणि व्होल्टेज पुरेसं चढलं की पुन्हा पेटते, ५० हर्ट्झच्या सप्लायवर सेकंदाला १०० वेळा. त्यामुळे शून्याच्या आसपास लहर क्षणभर सपाट पडते आणि मग एकदम उसळते. ब्रेकरच्या पोटातला मायक्रोकंट्रोलर ही खरखर आणि हा सपाट तुकडा शोधत बसलेला असतो.

आता घरात अशीच चाल कोणाकोणाची असते बघा. कार्बन ब्रशची मोटर असलेलं कुठलंही यंत्र घ्या, व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर, ड्रिल मशीन. अंधारात ड्रिलच्या मागच्या जाळीतून डोकावलं तर कम्युटेटरवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. त्या खऱ्याखुऱ्या आर्कच आहेत, फक्त जिथे असायला हव्यात तिथे आहेत. डिमर तर लहरीचा सुरुवातीचा भाग कापूनच टाकतो, म्हणजे आधी सपाट आणि मग उसळी, हुबेहूब तीच खूण. कॉम्प्युटरचा, टीव्हीचा, एलईडी ड्रायव्हरचा स्वस्तातला पॉवर सप्लाय लहरीच्या शेंड्यावर तेवढा करंट ओढतो आणि बाकी वेळ गप्प बसतो. तिथेही शून्याजवळ सपाटी आलीच.

म्हणजे चांगली ठिणगी आणि वाईट ठिणगी यांतला फरक हा ब्रेकर अंदाजानेच करतो. अंदाज चांगला असतो, पण असतो अंदाजच. माझ्या मते बाकीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

थोडा इतिहास, कारण त्यातून गोंधळ समजतो

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये हा ब्रेकर १९९९ च्या आवृत्तीत आला आणि बेडरूमच्या सॉकेटसाठी १ जानेवारी २००२ पासून सक्तीचा झाला. सुरुवातीचे ब्रेकर फक्त समांतर आर्क पकडायचे, म्हणजे फेज-न्यूट्रल किंवा फेज-अर्थ यांच्यामधली ठिणगी. एकाच तारेतल्या तुटीवर पडणारी ठिणगी, ज्याला सीरीज आर्क म्हणतात, ती ओळखणारे 'कॉम्बिनेशन' प्रकारचे ब्रेकर नंतर आले. इथे नावाने भले भले फसतात. 'कॉम्बिनेशन' म्हणजे समांतर अधिक सीरीज. त्याचा अर्थ त्यात माणसाला शॉकपासून वाचवणारं संरक्षण आहे असा अजिबात होत नाही. ते हवं असेल तर 'ड्युअल फंक्शन' लिहिलेला वेगळा ब्रेकर असतो. कॉम्बिनेशन ब्रेकरवर विसंबून बाथरूमच्या सॉकेटचं संरक्षण काढून टाकलेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

२००८ च्या आवृत्तीत अमेरिकेत ही सक्ती घरातल्या बहुतेक राहत्या खोल्यांपर्यंत गेली, २०१४ मध्ये स्वयंपाकघर आणि लाँड्रीपर्यंत. २३० व्होल्टच्या जगासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ६२६०६ हे मानक २०१३ मध्ये आलं. जर्मनीने २०१६ मध्ये काही प्रकारच्या जागांसाठी सक्ती आणली आणि २०१९ मध्ये ती सैल करून 'जोखीम तपासून ठरवा' असा पवित्रा घेतला. ब्रिटनमध्ये २०२२ च्या दुरुस्तीने उंच निवासी इमारती, विद्यार्थ्यांची वसतिगृहं, वृद्धांची निवासस्थानं अशा ठिकाणच्या सॉकेट सर्किटला तो सक्तीचा केला. जाणकारांतही एकमत नाही, हे यावरून दिसतंच.

आधी कागद, मग स्क्रू ड्रायव्हर

ब्रेकर पडला की आपण काय करतो? वर करतो. परत पडला, परत वर करतो. असं दहा वेळा केलं तरी हाती काही लागत नाही, आणि खरोखर आर्क असेल तर दर वेळी त्या जागेला आणखी एक चटका बसतो. दोनदा करा. तिसऱ्यांदा पडला तर सर्किट बंद ठेवा.

त्याऐवजी डीबीच्या, म्हणजे ब्रेकरच्या पेटीच्या, दाराला आतून एक कागद चिकटवा आणि दोऱ्याने पेन बांधून ठेवा. पडला की वेळ लिहा, त्या सर्किटवर काय काय चालू होतं ते लिहा, शेवटचं बटण कोणतं दाबलं आणि ते चालू केलं की बंद केलं ते लिहा. पाऊस होता का, तेही. लोक आधी हसतात. आठ-दहा नोंदी झाल्या की तेच मला कागदाचा फोटो पाठवून विचारतात, "हे काय निघालं?"

कारण मोटर चालू करताना पडणारा ब्रेकर, चोक किंवा पंखा बंद करताना पडणारा ब्रेकर, आणि पहाटे तीनला सगळे झोपलेले असताना पडणारा ब्रेकर, हे तीन निराळे आजार आहेत. पहाटेच्या वेळी आपोआप चालू होणारं काय आहे ते शोधायचं: फ्रीजचा कॉम्प्रेसर, टायमरवरचा पंप, चार्जर. आणि पावसात पडणारा असेल तर आर्कचा विषय बाजूला ठेवा, बाहेरच्या बॉक्समध्ये पाणी शिरलंय का ते आधी बघा.

अजून एक. पडल्यावर बऱ्याच ब्रेकरची दांडी पूर्ण खाली येत नाही, मधेच लोंबकळते. ती आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करायची असते. "ब्रेकर मेला" म्हणून मला बोलावलेल्या निदान चार घरांत फक्त एवढंच करून मी चहाही न घेता परत आलोय.

काही ब्रेकरवर बारीक दिवा असतो आणि तो ठरावीक वेळा लुकलुकून कारण सांगतो, आर्क, अर्थ लीकेज की ओव्हरव्होल्टेज. प्रत्येक कंपनीची ही भाषा वेगळी, त्यामुळे सोबत आलेलं माहितीपत्रक टाकून देऊ नका, डीबीच्या दारातच खोचून ठेवा. ज्या ब्रेकरवर दिवा नाही तो मुका. त्याच्याशी पुढच्या पद्धतीनेच बोलावं लागतं.

दोष ब्रेकरमध्ये, वायरिंगमध्ये की वस्तूत

सर्किटवरचं सगळं काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून बाहेर काढायचे. कपाटामागचा, पलंगाखालचा, वर्षानुवर्षं कोणी न पाहिलेला प्लगसुद्धा. मग ब्रेकर वर करा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. तग धरला तर दोष बहुधा बाहेरून जोडलेल्या कशात तरी आहे. एकेक वस्तू परत लावत जा, प्रत्येकीला पुरेसा वेळ द्या. एखादी संशयित सापडली की ती उचलून दुसऱ्या आर्क-फॉल्ट सर्किटवर लावून बघा. तिथेही पाडलं तर वस्तूच गुन्हेगार. तिथे पाडलं नाही, तर वस्तूपेक्षा पहिल्या सर्किटकडे पुन्हा बघायला हवं.

सगळं काढूनही पडत असेल तर इथून पुढचं काम वायरमनचं. मेन स्विच बंद केला तरी मेनच्या वरच्या टर्मिनलवर सप्लाय जिवंतच असतो, हे विसरून हात घालणारे पुन्हा हात घालायला उरत नाहीत.

वायरमन पहिल्यांदा त्या ब्रेकरवरून बाहेर जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा काढेल, टोकं झाकेल आणि नुसता ब्रेकर वर करेल. काहीच जोडलेलं नसताना पडला तर ब्रेकर खराब, विषय संपला. राहिला तर शेजारच्या सर्किटचा तसाच ब्रेकर याच्याशी अदलाबदल करून बघायचा. पडण्याची तक्रार ब्रेकरबरोबर शेजारी गेली की ब्रेकर बदला. तक्रार जागेवरच राहिली तर वायरिंग खोला.

वायरिंगमध्ये टोकापासून सुरुवात करणं म्हणजे वेळेची नासाडी. सर्किटवर आठ पॉइंट असतील तर चौथ्या बॉक्समध्ये पुढची जोडणी सोडा. अर्धं सर्किट गेलं. आता पडतो? मग दोष अलीकडे. नाही पडत? पलीकडे. असं तीनदा अर्धं केलं की एका बॉक्सवर येऊन थांबता.

आणि त्या बॉक्समध्ये काय सापडतं? माझ्या अनुभवात नाट्यमय असं फार क्वचित. बहुतेक वेळा न्यूट्रलचं प्रकरण निघतं.

न्यूट्रलची भानगड

पुष्कळ आर्क-फॉल्ट ब्रेकरमध्ये अर्थ फॉल्ट ओळखणारा भागही असतो. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटची बरोबरी करून बघतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये पूर्वी चालून गेलेला प्रत्येक आळस इथे उघडा पडतो. साध्या एमसीबीला न्यूट्रल कुठून येतो नि कुठे जातो याच्याशी काही देणंघेणं नसतं. जुन्या घरात दोन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल नेलेला असतो, कुठेतरी मधल्या बॉक्समध्ये दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात, आणि तीस वर्षं सगळं व्यवस्थित चालतं. तिथे एकेरी आर्क-फॉल्ट ब्रेकर बसवला की लोड आल्या आल्या पडणार. याला फुकटचं ट्रिपिंग म्हणता येत नाही, पण ठिणगीशीही त्याचा संबंध नसतो. तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या तोंडात त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरा. लोड चालू असताना मीटरने शून्य दाखवायला हवं. शून्य नसेल तर परतीचा करंट दुसऱ्या वाटेने जातोय.

नव्या बसवलेल्या ब्रेकरमध्ये तर सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सर्किटचा न्यूट्रल ब्रेकरला न जोडता सवयीने न्यूट्रल बारवर नेणं. ब्रेकरची स्वतःची पांढरी शेपटी बारवर आणि सर्किटचा न्यूट्रल ब्रेकरवर, हे उलटं झालं की ब्रेकर पहिल्याच दिवसापासून पडतो आणि नाव मात्र कंपनीचं खराब होतं.

वर सांगितलेला साडेदहाचा फोन, तो मामला असाच होता. आठवड्यात दोन-तीनदा, नेहमी रात्री. घरच्यांचा संशय एसीवर, माझा जुन्या डिमरवर. मी डिमर काढला, ब्रेकरही बदलला. तरी पडला. मग त्यांनी कागद लिहायला घेतला आणि सातव्या नोंदीला त्यांच्याच मुलीच्या लक्षात आलं: दर वेळी इस्त्री चालू होती, आणि दर वेळी कोणीतरी नुकतंच कपाटाचं दार लावलं होतं.

कपाट भिंतीला चिकटून. सरकवलं. मागे एक सॉकेट, कधीच न वापरलेलं. प्लेट उघडली तर अर्थच्या तारेचं टोक गरजेपेक्षा बोटभर जास्त सोललेलं, आणि ते वळून न्यूट्रलच्या स्क्रूपासून केसभर अंतरावर. दार आपटलं की भिंत हादरायची आणि तार स्क्रूला टेकायची. लोड नसताना टेकली तरी काही होत नव्हतं, कारण न्यूट्रलमधून करंटच नव्हता. इस्त्रीचे सात-आठ अँपिअर चालू असताना टेकली की त्यातला थोडा हिस्सा अर्थच्या वाटेने जायचा, बरोबरी बिघडायची, ब्रेकर पडायचा. तार कापली, बाही चढवली, कपाट मागे सरकवलं. दहा मिनिटांचं काम, ज्यासाठी मी तीन फेऱ्या मारल्या आणि एक चांगला ब्रेकर उगाच बदलला.

असे स्पर्श शोधायला सर्किट पूर्ण बंद करून, न्यूट्रल बाजूला काढून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला तरी पुष्कळदा काम होतं. मल्टिमीटरला न सापडणारा दोष, भेगाळलेलं इन्सुलेशन किंवा तारेत घुसलेला खिळा, मेगरला, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरला, सापडतो. ५०० व्होल्ट डीसीवर किमान १ मेगाओहम यायला हवा, आणि धडधाकट वायरिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट येतो. मात्र मेगर लावण्याआधी आर्क-फॉल्ट ब्रेकर, डिमर, एलईडी दिवे, जे जे इलेक्ट्रॉनिक असेल ते सर्किटपासून सोडवा. नाहीतर दोष शोधता शोधता ब्रेकरच जाळाल.

ज्यांचं कारण भिंतीत नसतं

काही ट्रिप अशा असतात की वायरिंग निर्दोष, वस्तू निर्दोष, तरी पडतो. हॅम रेडिओवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे: ट्रान्समिट बटण दाबलं की घरातला ब्रेकर पडतो, कारण घरभर पसरलेल्या तारा अँटेनासारखं काम करतात आणि ब्रेकरला ती खरखर आर्कसारखी भासते. ब्रेकरजवळ तारेवर फेराइटचा छल्ला चढवून कधी कधी हे थांबतं. पॉवरलाइनवरून इंटरनेट नेणारे अॅडॉप्टर हाही एक उपद्रव. दोन सर्किटच्या तारा लांबवर एकाच पाइपातून गेल्या असतील तर एका सर्किटची खरखर दुसऱ्यात उतरते आणि भलताच ब्रेकर पडतो. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्धा दिवस चुकीच्या खोलीत बसलो होतो. साइन वेव्ह न देणाऱ्या इन्व्हर्टरवर किंवा हलक्या जनरेटरवर घर चालत असेल तर या ब्रेकरच्या अंदाजावर भरवसा ठेवू नका.

अशा बाबतीत करण्यासारखं थोडंच असतं. जुन्या पिढीचा ब्रेकर असेल तर त्याच कंपनीचा नवा घ्या, त्यांच्या आतली ओळखण्याची पद्धत काळाबरोबर बरीच सुधारली आहे. डिमर एलईडीसाठी बनवलेला घ्या. घासून झिजलेले कार्बन ब्रश बदला, ठिणग्या कमी होतात.

तो गप्प बसतो तेव्हा

विनाकारण पडणं हा दोष निदान दिसतो तरी. मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या दोषाची.

आयईसीच्या मानकानुसार २३० व्होल्टला सीरीज आर्कची परीक्षा २.५ अँपिअरपासून सुरू होते. अमेरिकेत १२० व्होल्टला ५ अँपिअरपासून. दोन्हींचा गुणाकार केला तर साधारण ६०० वॅट. म्हणजे नऊ वॅटच्या बल्बच्या होल्डरमध्ये ढिला स्क्रू वर्षभर चरचरत राहिला तरी या ब्रेकरने ते ओळखावं अशी अपेक्षाच नाही.

याहून वाईट म्हणजे न चरचरणारा ढिला जोड. मागून खोचायच्या टर्मिनलचं एक सॉकेट मी अजून जपून ठेवलंय. पांढऱ्या प्लास्टिकवर एका बाजूला तपकिरी डाग, मधोमध चहाच्या कपाच्या कडेसारखी गडद रेघ, आणि आत तार काळी पडून कडक झालेली. नाकाजवळ नेलं तर अजूनही जळका वास येतो. त्यावर रोज संध्याकाळी हीटर चालायचा, साधारण ८ अँपिअर. जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स वाढला असं धरा. ८ गुणिले ८ गुणिले अर्धा, म्हणजे ३२ वॅट. हातातल्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, त्या टिचभर टर्मिनलमध्ये, तासन् तास. व्होल्टेज पडलं फक्त चार व्होल्ट. एमसीबीला ८ अँपिअर दिसले, नेहमीचेच. आरसीसीबीला गेलेला आणि आलेला करंट सारखाच दिसला. आर्क-फॉल्ट ब्रेकरला खरखर दिसली नाही, कारण ठिणगी नव्हतीच, नुसता लाल होईपर्यंत तापलेला जोड होता. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि सॉकेट वितळत होतं. ते सापडलं घरच्या आजींना, वासावरून.

म्हणून हा ब्रेकर बसवला तरी जड लोडच्या प्लगला तासाभराने हात लावून बघायची सवय सोडू नका. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर सॉकेट उघडायची वेळ झाली. आणि नवं काम करून घेताना तार खोचण्यापेक्षा स्क्रूखाली घट्ट आवळून घ्या.

टेस्ट बटणाबद्दलही असाच गैरसमज आहे. महिन्यातून एकदा ते दाबावं हे खरं, पण त्याने ब्रेकरचं इलेक्ट्रॉनिक्स आणि पडण्याची यंत्रणा जिवंत आहे एवढंच कळतं, तुमच्या भिंतीतली ठिणगी तो पकडेल की नाही हे कळत नाही. सॉकेटमध्ये खोचायचे टेस्टर मिळतात, त्यांच्या कृत्रिम झटक्यावर चांगला ब्रेकर पडला नाही तरी घाबरू नका.

बाकीचे तोटे पटकन सांगतो. साध्या एमसीबीपेक्षा किंमत कितीतरी पट, पुष्कळ मॉडेल डीबीत जास्त जागा खातात, आणि आत इलेक्ट्रॉनिक्स असल्यामुळे सतत थोडी वीज पितात. एकाला एक वॅट धरला आणि असे दहा असले तर वर्षाला साधारण ८८ युनिट. सर्ज आला की साधा एमसीबी तगतो, याचं बोर्ड जाऊ शकतं. घरी नसताना पडला तर फ्रीजमधलं सगळं खराब, त्यामुळे फ्रीजच्या सर्किटवर लाइट गेल्याचा भोंगा लावलेला बरा.

मग काढू का?

नियमाने जिथे सक्ती आहे तिथे हा प्रश्नच नाही. जिथे नाही, तिथेही कागद भरण्याआधी मी काढत नाही. एका घरी मालक साधा एमसीबी हातात घेऊनच उभे होते. मी म्हटलं, पलंग तेवढा सरकवू. पलंगाचा पाय एक्स्टेन्शनच्या वायरवर बरोबर मधोमध टेकलेला. वरचं आवरण चपटं झालेलं, आतला तांब्याचा गुच्छ अर्धा तुटलेला, आणि खालच्या गालिच्यावर नाण्याएवढा काळा डाग. पलंगावर कोणी बसलं की ब्रेकर पडत होता. त्यांनी एमसीबी गुपचूप खिशात घातला.

पण एकदा मी स्वतः काढून दिलाय. ट्रेडमिल होती. वायरिंग मेगरने तपासलं, न्यूट्रल तपासला, ब्रेकर नव्या पिढीचा आणला, फेराइट लावून पाहिले, दुसऱ्या सर्किटवर नेली. प्रत्येक ठिकाणी वेग वाढवला की ब्रेकर खाली. मशीन पूर्ण धडधाकट होती, तिचा मोटर कंट्रोलरच लहर अशी कापत होता की ब्रेकरचाही नाइलाज. शेवटी तिच्यासाठी डीबीपासून वेगळी तार ओढली, पूर्ण लोखंडी पाइपातून, मधे एकही जोड न ठेवता, एका सॉकेटवर. आरसीसीबी ठेवला, आर्क-फॉल्ट काढला. डीबीच्या दाराला आतून अजून माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'ट्रेडमिल, साधा एमसीबी, आर्क संरक्षण नाही, दुसरं काहीही लावू नये', आणि खाली तारीख.